आल्कोबासाच्या मठात एवढं मोठं स्वयंपाकघर कशाला?

पोर्तुगालमध्ये, लिस्बनच्या उत्तरेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आल्कोबासा नावाचं एक छोटं गाव आहे. गावाच्या मधोमध मठ आणि मठाच्या पोटात एक स्वयंपाकघर. छत पाच-सहा मजली इमारतीएवढं उंच. भिंती खालपासून वरपर्यंत टाइल्सनी मढवलेल्या. मधोमध लोखंडी खांबांवर पेललेलं अवाढव्य धुराडं. त्याच्या खाली उभं राहून मान वर केली की विहिरीच्या तळातून आभाळ बघतोय असं वाटतं. कडेला दगडी हौद आणि जाडजूड संगमरवरी टेबलं. पाण्यासाठी आल्कोआ नदीचा एक पाटच वळवून आत आणलेला. इथे अख्खा बैल भाजता यायचा, असं सांगतात. धुराड्याचा घेर बघितल्यावर ते खोटं वाटत नाही.

आता गंमत अशी की हा मठ सिस्टर्शियन पंथाचा. या पंथाच्या साधूंना मांस वर्ज्य. हिवाळ्यात दिवसातून एकदाच जेवण. ताटात काय, तर पाव, शिजवलेली कडधान्यं, भाजी आणि मोजून मापून थोडी वाइन. जेवताना बोलायचंही नाही. मीठ हवं असेल तर हाताने खूण करायची.

मग एवढं स्वयंपाकघर कुणासाठी? या एका प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की मठाचा जवळजवळ सातशे वर्षांचा इतिहास उलगडतो. शिवाय सिस्टर्शियन मठ कसे बांधलेले असतात आणि आज त्यातलं काय उरलंय तेही कळतं.

आधी हे सिस्टर्शियन कोण ते बघू. ख्रिस्ती मठांचं जीवन सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमावर चालायचं. प्रार्थना, वाचन, अंगमेहनत, ठरलेल्या वेळा. पण चार-पाचशे वर्षांत मठ श्रीमंत झाले. अंगमेहनत नोकरांकडे गेली, प्रार्थनेचे सोहळे लांबले, चर्चच्या भिंतींवर सोनं चढलं. हे बघून वैतागलेले काही साधू १०९८ साली फ्रान्समधल्या सितो नावाच्या आडरानात गेले आणि म्हणाले, आपण मूळ नियम जसाच्या तसा पाळू. लॅटिनमध्ये सितोचं नाव सिस्टर्शियम, म्हणून हे सिस्टर्शियन. रंग न लावलेल्या लोकरीचा पांढुरका झगा घालायचे, म्हणून लोक त्यांना ‘पांढरे साधू’ म्हणत.

हा पंथ कदाचित तिथेच विझला असता. पण काही वर्षांनी एक तरुण सरदारपुत्र आपले भाऊ आणि मित्र, असे तीसेक जण घेऊन दारात उभा राहिला. त्याचं नाव बर्नार्ड. १११५ साली त्याने क्लेअरव्हो इथे नवा मठ काढला आणि पुढची अडतीस वर्षं युरोपातल्या राजांना, पोपना, सगळ्यांनाच सल्ले देत आणि झापत घालवली. तो वारला तेव्हा पंथाचे तीनशेहून जास्त मठ झाले होते. प्रत्येक नवा मठ कुठल्या तरी जुन्या मठाची ‘लेक’ मानला जायचा आणि आई-मठाचा प्रमुख दरवर्षी लेकीची तपासणी करायला यायचा. त्यामुळे स्कॉटलंडपासून पोर्तुगालपर्यंत सगळे मठ एकाच साच्यातले. एका मठातल्या साधूला दुसऱ्या मठात नेऊन सोडलं तर अंधारातही त्याला जेवणघर सापडावं, इतकं सारखेपण.

आल्कोबासा ही क्लेअरव्होची लेक. पोर्तुगालचा पहिला राजा अफोंसो हेन्रिकेश याने ८ एप्रिल ११५३ रोजी इथली जमीन बर्नार्डच्या मठाला दान दिली. त्यानंतर चार-पाच महिन्यांतच बर्नार्ड वारला. दंतकथा अशी की ११४७ साली मूरांच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडून आलेल्या मुस्लिम सत्ताधाऱ्यांच्या ताब्यातलं सांतारेंग शहर जिंकण्याआधी राजाने नवस केला होता आणि हे दान म्हणजे त्याची फेड. मठाच्या एका दालनात अठराव्या शतकातल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर ही सगळी कथा चित्ररूपाने काढलेली आहे.

नवस असेलही. पण राजा व्यवहारही बघत होता. हा मुलूख नुकताच जिंकलेला, सीमेवरचा, ओसाड. तिथे माणसं बसवायची, दलदल काढून शेती करायची, तर कष्टाला न लाजणारे, शिस्तीचे, पगार न मागणारे लोक हवेत. पांढऱ्या साधूंपेक्षा योग्य कोण? शिवाय पोर्तुगाल तेव्हा नवं राज्य होतं. पोपची मान्यता मिळायला ११७९ साल उजाडलं. पोपच्या दरबारात वजन असलेल्या पंथाशी नातं जोडून ठेवणं शहाणपणाचंच होतं.

दगडी बांधकाम ११७८ मध्ये सुरू झालं. ११९५ मध्ये मूरांच्या सैन्याचा हल्ला झाला आणि काम रखडलं. १२२३ मध्ये साधू नव्या इमारतीत राहायला आले आणि चर्च १२५२ मध्ये पूर्ण झालं. चर्चची लांबी १०६ मीटर. पोर्तुगालमधल्या पहिल्यावहिल्या गॉथिक इमारतींपैकी ही एक.

आता आत जाऊ. चर्चचा दर्शनी भाग बघून मात्र फसू नका. दोन मनोरे, मूर्ती, वेलबुट्टी असा जो थाट दिसतो तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, बरोक शैलीतला. त्यातला जुना ऐवज म्हणजे टोकदार कमानीचा दरवाजा आणि वरची गोल खिडकी, एवढाच. दाराच्या दोन बाजूंना बेनेडिक्ट आणि बर्नार्ड यांचे पुतळे आहेत. असल्या सजावटीवर बर्नार्ड आयुष्यभर कडाडून बोलला, त्यामुळे त्या गर्दीत त्याला उभं केलेलं बघून मला जरा हसू येतं.

उंबरठा ओलांडला की एकदम काही नाही. म्हणजे खरंच काही नाही. भिंतींवर चित्रं नाहीत, खांबांवर माणसं-प्राणी कोरलेले नाहीत. फिकट दगड, सुमारे वीस मीटर उंच छत आणि अगदी जवळजवळ उभे असलेले खांब. मधली वाट अरुंद आणि छत उंच, त्यामुळे नजर कुठेच रेंगाळत नाही, सरळ समोर किंवा वर जाते. बाजूच्या वाटांची उंचीही मधल्या वाटेएवढीच, म्हणून उजेड वरून न येता बाजूच्या उंच खिडक्यांतून पसरत येतो. वेदीच्या मागे अर्धवर्तुळात नऊ छोटी प्रार्थनास्थळं आहेत. हा आराखडा थेट क्लेअरव्होवरून उचललेला. क्लेअरव्होचं ते चर्च आता नाही. एकोणिसाव्या शतकात ते पाडून त्याचे दगड विकले गेले. म्हणजे आई कशी दिसायची हे आता लेकीच्या चेहऱ्यावरून ओळखायचं.

एक बारकावा जरूर बघा. खांबाला चिकटलेले अर्धे खांब जमिनीपर्यंत येतच नाहीत. माणसाच्या डोक्यावर बऱ्याच उंचीवर ते एका दगडी टेकूवर थांबतात, कुणी करवतीने कापल्यासारखे. ही सिस्टर्शियनांची खास खूण. खाली भिंतीला लागून साधूंची लाकडी आसनं बसवायची असायची, त्यांना अडथळा नको. शोभेसाठी खांब खालपर्यंत आणायचा आणि मग आसनं वेडीवाकडी बसवायची, असला विचारच नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. आज जे निरलंकृत चर्च बघून आपण ‘काय ही बाराव्या शतकातली साधेपणाची साधना’ म्हणतो, ते थोडंफार विसाव्या शतकाने बनवलेलं आहे. मधल्या काळात साधूंनी स्वतःच इथे सोनेरी लाकडी देव्हारे आणि मूर्ती भरल्या होत्या. विसाव्या शतकातल्या सरकारी डागडुजीत त्यातलं बरंच काढून टाकलं गेलं, मूळ रूप परत आणायचं म्हणून. चर्चच्या लांबीला आडवं छेदणाऱ्या दालनात मातीच्या मोठ्या मूर्तींचा एक समूह राहिला आहे. बर्नार्ड मृत्युशय्येवर आणि भोवती शोक करणारे साधू. झिजलाय, तुटलाय, पण त्या रिकाम्या चर्चमध्ये अचानक समोर येतो तेव्हा दचकायला होतं. ते देव्हारे काढले ते बरं केलं की वाईट? मला दोन्ही बाजू पटतात, पण जे काढलं तोही मठाचाच इतिहास होता, एवढं खरं.

चर्चच्या उत्तरेला चौक. वाड्यातला चौक आणि देवळाभोवतीच्या ओवऱ्या या दोन्हींची कल्पना एकत्र केली की सिस्टर्शियन मठाचा गाभा कळतो. मधे मोकळी जागा, चारी बाजूंनी छप्पर असलेल्या ओवऱ्या आणि ओवऱ्यांतून एकेका खोलीचं दार. आल्कोबासातल्या या चौकाला ‘शांततेचा चौक’ म्हणतात. राजा दिनीशच्या काळात १३०८ ते १३११ दरम्यान तो बांधला. वरचा मजला सोळाव्या शतकातला, म्हणून खालच्या आणि वरच्या कमानी एकमेकींशी बोलत नाहीत.

या चौकाभोवतीच्या खोल्या म्हणजे साधूंचं वेळापत्रकच, दगडात मांडलेलं. मध्यरात्र उलटली की उठायचं. वरच्या मजल्यावर सगळ्यांचं मिळून एकच लांबलचक निजघर होतं, साठ मीटरहून जास्त लांब, खोल्या-बिल्या नाहीत. तिथून थेट चर्चमध्ये उतरायची सोय, म्हणजे झोपेतून उठून थंडीत बाहेर न पडता प्रार्थनेला हजर. सकाळी पूर्वेच्या बाजूला सभाघरात जमायचं. तिथे रोज नियमाचं एक प्रकरण वाचलं जायचं आणि ज्याच्याकडून चूक झाली असेल त्याने सगळ्यांसमोर ती कबूल करायची. शेजारी बोलण्याची खोली, कारण कामाचं बोलायचं तर तेवढ्या जागेतच. त्यापुढे साधूंचं दालन. उत्तरेच्या बाजूला जेवणघर आणि त्याच्या समोर, चौकातच, हात धुण्याचं कारंजं. हात धुवायचे, वळायचं, पंगतीला बसायचं.

जेवणघर मला मठातलं सर्वांत सुंदर दालन वाटतं. भिंतीच्या जाडीत एक जिना कोरलेला आहे. त्यावर छोट्या कमानींची रांग पायरीपायरीने चढत जाते आणि वर दगडी सज्जा. सगळे मुकाट्याने जेवत असताना एक साधू तिथे उभा राहून धर्मग्रंथ वाचायचा. भिंतीला पोकळ करून त्यात जिना आणि जिन्यातून आवाज. कलाकुसर नाही, पण ज्याने हे आखलं त्याला प्रमाण म्हणजे काय ते बरोबर कळत होतं.

मग पैसा कुठून आला? खरी मेख इथे आहे. नियम म्हणायचा की भाडी, खंड, दुसऱ्याच्या कष्टावर जगणं नको, स्वतः शेती करा. पण दिवसातून सात-आठ वेळा प्रार्थना करणारा माणूस शेती किती करणार? म्हणून सिस्टर्शियनांनी दुसऱ्या प्रकारचे साधू घेतले. बहुतेक शेतकरी घरातले, लिहिता-वाचता न येणारे, दाढी राखणारे. त्यांनी व्रत घ्यायचं, पण प्रार्थना थोडक्यात आटोपून दिवसभर राबायचं. मठाच्या दूरदूरच्या जमिनींवर शेतवाड्या उभारल्या होत्या, तिथे हे राबणारे भाऊ राहायचे. लॅटिन म्हणणारे साधू चौकात, नांगर धरणारे शेतात. समतेच्या पंथातली ही विषमता कुणाला खटकली नाही असं नाही, पण व्यवस्था चालली, आणि फारच चांगली चालली.

आल्कोबासाच्या ताब्यात सुमारे चव्वेचाळीस हजार हेक्टर जमीन आली. त्यात शेती, जंगलं, द्राक्षमळे, मिठागरं आणि समुद्रावरची बंदरंही. आपल्याकडच्या देवस्थान इनामांसारखंच, फक्त इथे न्यायनिवाडाही बराचसा मठाच्या हातात. साधूंनी दलदल काढली, पाट खणले, फळबागा लावल्या. आल्कोबासाची सफरचंदं आजही नावाजलेली आहेत. १२६९ मध्ये मठाने बाहेरच्यांसाठी शिकवणीचे वर्ग सुरू केले आणि १२८८ मध्ये विद्यापीठ काढायची परवानगी पोपकडे मागणाऱ्यांत इथला मठाधिपती होता. त्या विनंतीतूनच पुढे पोर्तुगालचं पहिलं विद्यापीठ उभं राहिलं. मठाचं ग्रंथालय देशातल्या मोठ्या ग्रंथालयांपैकी एक होतं. हस्तलिखितं साधू स्वतः नकलून काढत.

इथे एकेकाळी ९९९ साधू राहायचे, असंही ऐकायला मिळेल. हजारला एक कमी, कानाला गोड लागणारा आकडा. निजघराची लांबी मापून बघा आणि मग विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवा.

राजघराण्याशी नातं जडल्यावर दुसरी गोष्ट झाली. राजांना मेल्यावर इथेच पुरून घ्यावंसं वाटू लागलं. दुसरा आणि तिसरा अफोंसो आणि त्यांच्या राण्या इथे आहेत. पण लोक येतात ते पेद्रो आणि इनेस यांच्यासाठी.

पेद्रो हा युवराज. त्याचं लग्न ठरवून झालेलं. बायकोबरोबर सखी म्हणून आलेल्या इनेस द कास्त्रोवर त्याचं प्रेम बसलं. बायको वारल्यावर दोघं एकत्र राहू लागले, मुलं झाली. इनेसचे भाऊ शेजारच्या कॅस्टिल राज्याच्या राजकारणात गुंतलेले, म्हणून पेद्रोचा बाप राजा चौथा अफोंसो आणि दरबारी धास्तावले. ७ जानेवारी १३५५ रोजी कुइंब्रामध्ये राजाच्या हुकमाने तिचा शिरच्छेद झाला. दोन वर्षांनी पेद्रो राजा झाला. तिघांपैकी दोन मारेकरी त्याच्या हाती लागले. त्यांची काळजं त्याने जिवंतपणी काढायला लावली, एकाचं छातीतून, दुसऱ्याचं पाठीतून. मग त्याने जाहीर केलं की इनेसशी आपण गुपचूप लग्न केलं होतं, म्हणजे ती राणीच. १३६१ मध्ये तिचं शव मिरवणुकीने आल्कोबासाला आणलं. तिचं प्रेत सिंहासनावर बसवून दरबाऱ्यांना तिच्या हाताचं चुंबन घ्यायला लावलं, ही गोष्ट मात्र नंतर रचलेली.

दोघांच्या शवपेट्या चर्चच्या आडव्या दालनाच्या दोन टोकांना आहेत, पायाशी पाय करून. अंतिम निवाड्याच्या दिवशी उठून बसले की पहिली नजर एकमेकांवरच पडावी म्हणून, असं सांगतात. गोष्ट छान आहे, पण मांडणी मूळची नाही. आधी त्या शेजारी शेजारी होत्या. आत्ताच्या जागी त्या आल्या १९५६ मध्ये. खरी कमाल आहे कोरीव कामात. पेद्रोची पेटी सिंहांच्या पाठीवर. इनेसची पेटी मात्र माणसाचं तोंड आणि जनावराचं धड असलेल्या प्राण्यांच्या पाठीवर. ते चेहरे मारेकऱ्यांचे, जन्मभर तिचं ओझं वाहणारे, अशी समजूत आहे. इनेसच्या पायथ्याशी अंतिम निवाड्याचं दृश्य कोरलंय. खालच्या कोपऱ्यात एक राक्षसी जबडा उघडा आहे आणि पापी माणसं त्यात ओतली जातायत. पेद्रोच्या उशाशी एक चक्र आहे, त्याच्या पाकळ्या-पाकळ्यांत दोघांच्या आयुष्यातले प्रसंग. आकृत्या काही इंचांच्या, पण झग्याच्या चुण्यासुद्धा मोजता येतात. ज्या चर्चमध्ये मूर्ती कोरायला बंदी होती, त्याच चर्चमध्ये पोर्तुगालमधलं मध्ययुगातलं सर्वांत देखणं शिल्प आहे. नियम राजापुढे कसा वाकतो, ते बघायला दुसरीकडे जायची गरज नाही.

वाकणं पुढे वाढतच गेलं. राबणारे भाऊ कमी झाले, जमिनी खंडाने दिल्या, खंड आपोआप येऊ लागला. १४७५ मध्ये पोपने पंथाला मांस खायची सवलत दिली. त्याच सुमाराला आणखी एक दुखणं लागलं. मठाधिपती साधूंनी निवडायचा सोडून राजाने नेमायचा. हा नेमलेला माणूस मठात राहायचाही नाही, फक्त उत्पन्न घ्यायचा. सोळाव्या शतकात हे पद राजाचा भाऊ कार्डिनल हेन्रिक याच्याकडे होतं. गोव्याच्या इतिहासात हेच नाव वेगळ्या कारणाने येतं. हा पोर्तुगालचा मुख्य इन्क्विझिटर होता आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांची चौकशी करणारं न्यायालय, बसवलं गेलं ते त्याच्याच अधिकाराखाली. कोकणी-मराठी बोलणाऱ्या घरांना गाव सोडून पळायला लावणारी ती चौकशी आणि आल्कोबासाच्या द्राक्षमळ्यांचं उत्पन्न, दोन्हींच्या वर नाव एकाच माणसाचं. पुढे १५७८ मध्ये तोच पोर्तुगालचा राजाही झाला.

आता ते स्वयंपाकघर. ते बाराव्या शतकातलं नाहीच. अठराव्या शतकाच्या मध्याला जुनं स्वयंपाकघर टाकून हे नवं बांधलं. तोवर मठ म्हणजे एक श्रीमंत संस्थान झालं होतं. दारात पाहुणे, अधिकारी, राजघराण्यातली माणसं यांची रीघ. ब्राझीलच्या सोन्याने सगळ्या पोर्तुगालला सूज आलेली, त्यात मठही. १७९४ मध्ये विल्यम बेकफर्ड हा इंग्लंडचा गडगंज पाहुणा इथे येऊन गेला. स्वतः ऐषारामात लोळणारा माणूस, तोही या स्वयंपाकघराला खादाडपणाचं युरोपातलं सर्वांत थोर मंदिर म्हणाला. सोप्या भाषेत उत्तर द्यायचं तर हे: स्वयंपाकघर एवढं मोठं, कारण नियम लिहिणारे आणि चूल पेटवणारे यांच्यात सहाशे वर्षं गेली.

जेवणघराजवळ एक अरुंद दार दाखवतात. उंची माणसाला पुरेशी, रुंदी मात्र जेमतेम दीड वीत. कथा अशी की यातून ज्याला जाता येत नसेल त्याने उपास करायचा. मला ही कथा खरी वाटत नाही. पदार्थ पुढे सरकवायची खिडकी किंवा असंच काहीतरी असावं. पण ती कुणी रचली असेल याचा अंदाज येतो. ज्या गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मठाला खंड भरला, त्यांनीच.

शेवट लवकर आला. १८१०-११ मध्ये नेपोलियनचं सैन्य या भागातून गेलं. शिपायांनी खजिन्याच्या आशेने पेद्रो-इनेसच्या पेट्या फोडल्या. इनेसच्या पेटीच्या कडेचे तुटलेले भाग आजही तसेच दिसतात. ग्रंथालयही लुटलं. मग पोर्तुगालमध्ये दोन भावांचं यादवी युद्ध झालं. मठ हरणाऱ्या बाजूला होते. १८३३ मध्ये साधू आल्कोबासा सोडून गेले आणि मागे राहिलेलं लोकांनी उचललं. ३० मे १८३४ रोजी मंत्री जुआकिंग आंतोनियु द आगियारने देशातले पुरुषांचे सगळे मठ बंद करून मालमत्ता सरकारजमा केली. लोकांनी त्याचं नाव पाडलं ‘माता-फ्रादेश’, म्हणजे साधूंचा मारेकरी.

हे वारं पुढच्याच वर्षी गोव्यात पोचलं. गोव्यात सिस्टर्शियन कधीच नव्हते, पण ऑगस्टिनियन, डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन होते. १८३५ मध्ये सगळ्यांना मठ सोडावे लागले. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचा जो अर्धा मनोरा एकटाच उभा दिसतो, तो का पडका आहे याचं उत्तर इथे आहे. माणसं गेली, डागडुजी थांबली, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग. त्याची मोठी घंटा आधी आग्वादच्या दीपगृहात आणि १८७१ पासून पणजीच्या पांढऱ्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये टांगलेली आहे. शेजारच्या सांता मोनिका मठातल्या जोगिणींना हाकललं नाही, फक्त नवी जोगीण घ्यायला बंदी केली. शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारली. आल्कोबासा वाचलं, ऑगस्टीन पडलं. फरक श्रद्धेचा नाही, वापराचा. इमारतीत कुणीतरी राहत असेल तर कौल शाकारले जातात.

आल्कोबासात राहणारे मात्र चित्रविचित्र. मठाच्या वेगवेगळ्या भागांत सैन्याची बरॅक, तुरुंग, शाळा, वृद्धाश्रम असं काय काय आलं. मुकाट्याने जेवायच्या त्या जेवणघरात काही काळ नाटकं लागायची. बर्नार्डने काय म्हटलं असतं ते मी सांगत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मठ राष्ट्रीय स्मारक झाला, १९८९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. वाचलेली हस्तलिखितं, चारशेहून अधिक, लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. मागच्या बाजूच्या एका मोठ्या चौकात, जिथे एकेकाळी ग्रंथालय आणि पुढे वृद्धाश्रम होता, तिथे २०२२ पासून हॉटेल सुरू झालंय. वास्तुरचना एदुआर्दो सूतो द मौरा यांची.

बघायला गेलात तर चर्च आधी आणि स्वयंपाकघर शेवटी ठेवा. ‘राजांचं दालन’ घाईत सोडू नका. तिथे टाइल्सवरच्या कथेखेरीज एक मोठी कढई ठेवली आहे. १३८५ मध्ये इथून जवळच आल्जुबारोटाच्या लढाईत कॅस्टिलच्या सैन्याकडून ती पळवून आणलेली. ती लढाई जिंकणारा राजा पहिला जुआंव हा पेद्रोचाच मुलगा, पण इनेसचा नव्हे.

आणि बाहेर पडल्यावर मठासमोरच्या मिठाईच्या दुकानात शिरा. पोर्तुगालमधल्या मठांच्या मिठाया बहुतेक अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या. कारण असं सांगतात की पांढरा बलक झग्यांना खळ घालायला आणि वाइन नितळ करायला लागायचा आणि पिवळा उरायचा. उरलेल्यात साखर घातली की झालं. जवळच्या कोझ गावात सिस्टर्शियन जोगिणींचा मठ होता, त्यांच्या पाककृतीही या दुकानांत आल्या आहेत. दर नोव्हेंबरला या मिठायांची जत्रा भरते, तीही मठाच्या आतच. तेव्हा चौकातल्या ओवऱ्यांमधून साखरेच्या पाकाचा वास फिरत असतो.